छावणीबाहेरचे सात दिवस

मुली, तू दोन प्रश्न विचारलेस. जगात जी युद्धं चालू आहेत त्यांकडे मी, एक ख्रिस्ती माजी सैनिक, कसा पाहतो, हा पहिला. दुसरा तुझ्या बाबांबद्दल. फौजेतून निवृत्त होऊन त्यांना 14 महिने झाले, तरी दिवसभर टीव्हीसमोर बसून एकाच लढाईच्या बातम्या चार-चार चॅनेलवर पाहतात, घरात कुणी काही बोललं की अंगावर येतात, आणि रविवारी उपासनेला येऊनही प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याची, वेळ झाली की उठून बाहेर जातात. त्यांच्याशी कसं वागायचं, असं तू विचारतेस. मला विचारशील तर हे दोन्ही प्रश्न एकाच जखमेचे आहेत. मी 26 वर्षं वर्दीत काढली आणि गेली 11 वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लढाईवरून परतलेल्या माणसांबरोबर बसतो. तेवढ्या शिदोरीवर सांगतो.

प्रभुभोजनापासून सुरुवात करतो, कारण तुझ्या पत्रातली तीच ओळ तू सगळ्यात घाईने उरकली आहेस. बाबा देवावर रुसलेत असं तुला वाटतं. मला तसं वाटत नाही. ज्याला देवाचं काही पडलेलं नाही तो आरामात बसून राहतो, भाकर घेतो, प्याला घेतो, घरी जातो. उठून जातो तो ज्याला ते मेज खरं वाटतं. मीही चार वर्षं उठून जात होतो. जिन्यात उभा राहायचो, आत शेवटचं गीत सुरू झालं की परत येऊन बसायचो. एकदा पाळकांनी मला जिन्यातच गाठलं आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "भाऊ, तुम्ही तर कर्तव्य केलंत. त्यात पाप कसलं?" त्यांच्या मनात माया होती, त्याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या एका वाक्याने माझं तोंड आणखी दोन वर्षं बंद झालं. तुझं काही चुकलंच नाही असं ज्याला सांगून टाकलं, तो मग काय सांगणार आणि कुणाला?

देवाच्या लोकांना एके काळी हे नीट कळत होतं. बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 31 वा अध्याय उघड. मिद्यानी लोकांवरच्या स्वारीचा तो अध्याय वाचायला फार जड आहे, आणि मी त्याची वकिली करणार नाही. पण लढून परतलेल्यांसाठी तिथे एक आज्ञा आहे. ज्याने माणूस मारला असेल किंवा जो मेलेल्याला शिवला असेल त्याने सात दिवस छावणीबाहेर राहावं, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी स्वतःला शुद्ध करावं, आणि मग आत यावं. ही माणसं हुकुमावरून गेली होती आणि जिंकून आली होती, तरी त्यांना सरळ घरात पाठवलं नाही. मला त्यात शिक्षा दिसत नाही. थांबायला जागा दिसते, आणि त्या थांबण्याला शेवट आहे हे दिसतं. सातवा दिवस उलटला की तू आत.

चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बॅसिल यांना याच प्रश्नाला तोंड द्यावं लागलं. त्यांच्या नियमांपैकी तेरावा नियम याबद्दल आहे. लढाईत मारणं आपल्या पूर्वजांनी खुनात धरलं नाही, असं ते आधी स्पष्ट सांगतात. पुढे म्हणतात की तरीही, अशा माणसांचे हात निर्मळ नसल्यामुळे, त्यांनी तीन वर्षं प्रभुभोजनापुरतं दूर राहावं असा सल्ला देणं बरं. शब्द सल्ल्याचा आहे, आणि मुदत घातलेली आहे. तू खुनी नाहीस, पण तुला काही झालेलंच नाही असंही आम्ही म्हणणार नाही. या दोन वाक्यांच्या मधली जागा मला माझ्या पाळकांनी दिली असती तर मी जिन्यात चार वर्षं काढली नसती.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी मी वाचली त्या रात्री झोपलो नाही. 1066 साली हेस्टिंग्जच्या मैदानात नॉर्मन सैन्याने इंग्रजांना हरवलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत नॉर्मन बिशपांनी आपल्याच, जिंकलेल्या बाजूच्या सैनिकांसाठी प्रायश्चित्त ठरवून दिलं आणि पोपच्या प्रतिनिधीने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ज्याला पक्कं ठाऊक आहे की आपण माणूस मारला, त्याला दर माणसामागे एक वर्ष. ज्याने घाव घातला, पण समोरचा मेला की जगला हे माहीत नाही, त्याला दर माणसामागे 40 दिवस. आणि धनुर्धारी, ज्यांना आपला बाण कुणाला लागला हे कळणंच शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी उपासकाळाचे 40 दिवस, असे तीन वेळा.

मी मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर होतो. मॉर्टरवाल्याला काही दिसत नाही. आकडे येतात, नळीचा कोन बदलायचा, गोळा सोडायचा, कान झाकून खाली वाकायचं. टेकडीपलीकडे काय झालं ते वायरलेसवर एका शब्दात कळतं. पण एकदा दुसऱ्या दिवशी आम्हाला त्याच टेकडीवर चढावं लागलं. तिथे एक मुलगा पडलेला होता. त्याच्या डाव्या बुटाला नाडी नव्हती, नाडीच्या जागी टेलिफोनची काळी वायर ओवलेली होती, आणि टोकं सुटू नयेत म्हणून दातांनी चावून चपटी केलेली होती. माझ्या उजव्या बुटात तशीच वायर होती. नाडी तुटली की फौजेतला माणूस दुसरं काय करणार? तो माझ्या गोळ्याने गेला की शेजारच्या नळीच्या, हे मला कधीच कळणार नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी बसून विचार केला होता की ज्याला कळणारच नाही त्याचं काय करायचं. हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की देवाच्या घरात माझ्यासाठी ओळ लिहिलेली आहे.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. आजच्या युद्धांकडे मी त्या बुटावरून पाहतो. "शत्रूचे इतके ठार" अशी पट्टी पडद्याखालून सरकते तेव्हा मला आकडा वाचता येत नाही, वायर दिसते. कुणाची बाजू न्यायाची आणि कुणाची अन्यायाची हे मला कळत नाही असा याचा अर्थ लावू नकोस. दुसऱ्याच्या घरात घुसणारा आणि घर राखणारा यांना मी एका तराजूत घालत नाही. हल्ला करणाऱ्याला अडवावं लागतं, आणि ते काम कुणाला तरी करावंच लागतं. कफर्णहूमच्या शताधिपतीला प्रभू येशूने तलवार टाकून ये असं सांगितलं नाही, आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आलेल्या शिपायांना योहानाने लोकांना लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, पगारात समाधानी राहा एवढंच बजावलं. पण अडवणं वेगळं आणि अडवताना कोण मेलं याचा आनंद करणं वेगळं. आजच्या बातम्यांनी हा फरक पुसून टाकलाय, आणि मला सर्वांत जास्त राग त्याचाच येतो.

गेल्या वर्षी तरुण संघाची सभा संपल्यावर एका चांगल्या घरातल्या मुलाने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. वरून ड्रोन पाहतोय, खाली खंदकात एक माणूस एकटाच बसलेला. तो वर पाहतो. एक हात हलवतो, नको नको असं. मागे ढोल वाजवावेत तसं संगीत लावलेलं होतं. मी त्या मुलाला म्हटलं, आवाज बंद कर आणि पुन्हा लाव. त्याने लावला. आवाजाशिवाय त्याला तो अर्ध्यावरच थांबवावा लागला, आणि तो कितीतरी वेळ बोलला नाही. त्या जुन्या धनुर्धाऱ्याला बाण कुणाला लागला हे दिसत नव्हतं. आजच्या ड्रोनवाल्याला समोरच्याचे डोळे दिसतात, आणि ड्यूटी संपवून तो जेवायला घरी जातो. त्याच्यासाठी कोणत्या मंडळीने काय लिहून ठेवलंय, हे मला कुणीतरी सांगावं.

उलट काय घडतं ते बघ. 21 सप्टेंबर 2022 रोजी रशियात सैन्यभरतीचा हुकूम निघाला. चारच दिवसांनी मॉस्कोचे पॅट्रिआर्क किरील यांनी प्रवचनात सांगितलं की लष्करी कर्तव्य बजावताना कुणी मेला तर ते बलिदान त्याची सगळी पापं धुऊन टाकतं. ज्या परंपरेत बॅसिल यांना संत मानतात त्याच परंपरेचे हे धर्मगुरू. दहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट निकेफोरस फोकास याने हेच मागितलं होतं. तो स्वतः कसलेला सेनापती होता. लढाईत पडलेल्या माझ्या सैनिकांना हुतात्मे ठरवा, असं त्याचं म्हणणं होतं. कॉन्स्टँटिनोपलचे पॅट्रिआर्क पॉलियुक्टस आणि त्यांचे बिशप सम्राटासमोर उभे राहिले आणि बॅसिल यांचा तो तीन वर्षांचा नियम पुढे करून नाही म्हणाले. सम्राटाला नाही म्हणायला काय लागत असेल, ते वर्दी घातलेल्याला विचार.

हा दोष एकाच देशाचा किंवा एकाच मंडळीचा आहे असं मी म्हणत नाही. पहिल्या महायुद्धात जर्मन शिपायाच्या पट्ट्याच्या बकलावर "देव आमच्यासोबत" असं कोरलेलं असायचं, आणि समोरच्या खंदकातही पाद्री त्याच देवाचं नाव घेऊन आशीर्वाद देत होते. त्याच शिपायांनी 1914 च्या नाताळात काही ठिकाणी खंदकातून वर येऊन एकत्र गाणी म्हटली आणि आपापले मुडदे पुरले. पुढच्या वर्षी वरिष्ठांनी तसं पुन्हा होऊ नये याची तजवीज केली.

युद्धाची प्रत्येक बातमी आली की शेवटचा काळ आला म्हणणारे लोक तुझ्या मंडळीत असतील, आमच्याकडेही आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त मत्तय 24 मधलं सहावं वचन पुरं वाचायला सांगतो. लढायांविषयी ऐकाल एवढंच प्रभूने सांगितलं नाही. घाबरू नका, इतक्यात शेवट होत नाही, हेही त्याच श्वासात सांगितलं.

बातम्यांनी माणूस मोडतो हे काही टीव्हीच्या काळात सुरू झालं नाही. 410 साली रोम लुटलं गेलं. ती बातमी बेथलेहेमात बसलेल्या जेरोम यांच्याकडे पोचली तेव्हा त्यांच्यासारख्या विद्वानाचा हात थांबला. बायबलमधल्या यहेज्केल या पुस्तकावरचं भाष्य लिहायला घेतलं होतं, ते पुढे सरकेना. माझ्या मते तुझे बाबा आज तिथे आहेत. बिशप ऑगस्टीन यांनी तीच बातमी ऐकून पुढे वर्षानुवर्षं लोकांशी बोलत, लिहीत राहण्याचं काम केलं. त्यांनीच बोनिफेस नावाच्या एका रोमन सेनाधिकाऱ्याला पत्र लिहिलंय. त्याला ते म्हणतात की शांती ही तुझी इच्छा असू दे आणि युद्ध ही केवळ निकड असू दे, लढतानासुद्धा शांती करणारा हो. ते पत्र मी आमच्या बैठकीत दर वर्षी वाचून दाखवतो, कारण ते एका नोकरीतल्या शिपाईगड्याला लिहिलेलं आहे. त्यात नुसता उपदेश नाही, त्याच्या कामाची कदर आहे.

आता बाबा. टीव्ही बंद करा म्हणून भांडू नकोस. ते बातम्या मनोरंजनासाठी पाहत नाहीत, ते पहारा देत आहेत. वर्षानुवर्षं ज्याच्या जागं राहण्यावर इतरांची झोप अवलंबून होती, त्याला आता पहारा संपला हे कुणी रीतसर सांगितलेलंच नसतं. फौजेत पहारा बदलताना दुसरा माणूस समोर येऊन उभा राहतो, तेव्हा पहिला हलतो. म्हणून नुसतं काढून घेऊ नकोस, जागा भरून काढ. माझं स्वतःचं असं आहे: बातम्या सकाळी एकदा, त्याही वाचून, पाहून नाही. छापलेल्या अक्षराला ढोल लावता येत नाहीत. अंधार पडल्यावर एकही बातमी नाही. आणि जे वाचलं त्यातल्या एका माणसासाठी, देशासाठी नाही, एका माणसासाठी, प्रार्थना. नाव छापलेलं असेल तर नावाने. दोन्ही बाजूंचा एक-एक. हे मला सुरुवातीला अशक्य वाटलं होतं, शत्रूच्या बाजूचं नाव तोंडातून निघेना. मग मी नाव न घेता "बुटात वायर असलेला" एवढंच म्हणायला लागलो.

घरात काही साध्या गोष्टी पाळ. झोपेतून उठवायचं असेल तर अंगाला हात लावू नकोस, पायाच्या बाजूने थोडं दूर उभी राहून नाव घे. त्यांना दाराकडे तोंड करून बसायचं असतं, ती खुर्ची त्यांची असू दे. चिडले की त्याच क्षणी उत्तर देऊ नकोस, पण संध्याकाळी शांतपणे सांग की तुमच्या ओरडण्याने मला भीती वाटली. सैनिकाला सत्य सांगितलेलं चालतं, सांभाळून घेतलेलं कळतं आणि लागतं. "किती जणांना मारलंत" हे कुणीही, लहान मुलांनीसुद्धा, विचारता कामा नये. आणि मंडळीने त्यांना व्यासपीठावर उभं करून टाळ्या वाजवू नयेत, हे तू पाळकांना आधीच जाऊन सांग. ज्याला छावणीबाहेर सात दिवस हवे आहेत त्याला हार घातला की तो हार घेऊन पुन्हा जिन्यातच जाऊन उभा राहतो.

डॉक्टरांबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्या लोकांना वाटतं की प्रार्थना आहे तर डॉक्टर कशाला. रात्रीची दचकून जाग, तेच तेच स्वप्न, आवाजाने अंग ताठणं, याला मानसिक आघातानंतरचा विकार म्हणतात. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीत 1980 पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार आहेत. ते भीतीचं दुखणं. दुसरं एक असतं, ते अंतःकरणाचं. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जोनाथन शे यांनी 1990 च्या दशकात त्याला नैतिक जखम म्हटलं. जे योग्य आहे त्याचा वरच्या माणसाने विश्वासघात केला की ती होते, असं त्यांनी मांडलं. पुढे इतरांनी स्वतः केलेल्या आणि डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीही त्यात धरल्या. शे यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली: दुसऱ्या महायुद्धातले पुष्कळ सैनिक आपल्या माणसांबरोबर जहाजातून लांबचा प्रवास करत परतले, व्हिएतनाममधून मात्र एकेकटा विमानाने थोड्या वेळात घरी पोचवला गेला. ते जहाज म्हणजे माझ्या लेखी छावणीबाहेरचे सात दिवसच. बाबांना दोन्ही दुखणी असू शकतात. पहिल्यासाठी डॉक्टर हवाच, आणि दुसऱ्यासाठी डॉक्टरबरोबर ऐकणारं माणूस हवं.

आणि हे टाळू नकोस: ते वस्तू वाटून टाकायला लागले, आता माझं काम संपलं असं बोलू लागले, पिणं वाढलं, तर सरळ विचार, "बाबा, जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. घरात हत्यार असेल तर त्या दिवसापुरतं तरी ते दुसरीकडे हलव, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे ने. उद्यावर टाकू नकोस. मी एकदा टाकलं होतं. त्या माणसाची आठवण मी दर रविवारी काढतो.

प्रभुभोजनाचं काय करायचं ते विचारलंस. त्यांना जबरदस्तीने बसवू नकोस आणि पाळकांकरवी समजूतही घालू नकोस. माझ्या बाबतीत मंडळीतल्या एका म्हाताऱ्या वडीलजनांनी केलं ते असं. ते जिन्यात आले, शेजारी उभे राहिले, आणि म्हणाले, "तुम्ही बाहेर आहात तोवर मीही घेणार नाही. दोघं मिळून जाऊ." सहा रविवार ते माझ्याबरोबर जिन्यात उभे होते. त्या सहा आठवड्यांत मी त्यांना टेकडी सांगितली, बूट सांगितला, वायर सांगितली. त्यांनी "तुमचं काय चुकलं" असं म्हटलं नाही. मी कबूल केलं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि क्षमेचं वचन मोठ्याने वाचलं. सातव्या रविवारी आम्ही आत गेलो. ते सात मोजून केलं होतं की आपोआप झालं, हे मी त्यांना विचारायचं राहून गेलं.

आणि काम दे. दावीद राजाला मंदिर बांधायचं होतं. देवाने नको म्हटलं, तू पुष्कळ रक्त सांडलं आहेस, असं दाविदाने स्वतः आपल्या मुलाला, शलमोनाला, सांगितलंय, पहिल्या इतिहासाच्या 22 व्या अध्यायात. तो वाचताना लोक तेवढ्यावरच थांबतात. पुढे वाच. दावीद रुसून बसला नाही. त्याने दगड घडवून घेतले, दारांच्या खिळ्यांसाठी लोखंड जमवलं, पितळ, गंधसरूची लाकडं रचून ठेवली, म्हणजे शलमोनाला सगळं हाताशी मिळेल. मी मंडळीतले बाक दुरुस्त करतो. एका माजी सार्जंटकडे म्हाताऱ्यांना ने-आण करण्याची गाडी आहे, तो एक मिनिट उशीर करत नाही. तुझ्या बाबांना काय येतं ते तू मला लिहिलं नाहीस. इंजिन, वायरिंग, स्वयंपाक, नकाशे, काहीतरी नक्की येत असेल.

येत्या रविवारी त्यांच्याबरोबर शेवटच्या बाकावर, दाराजवळ बस. ते उठले तर लगेच मागे जाऊ नकोस. थोडा वेळ जाऊ दे, मग बाहेर ये आणि नुसती शेजारी उभी राहा. काही विचारू नकोस. त्यांनी विचारलं की तू का आलीस, तर सांग, तुमच्याबरोबर थांबायला.